गोड्या पाण्याचा रांजण

मंगळवार, १५ मार्च १९६०

पोचलो एकदाचा. पुण्याहून एस.टी.नं घाट उतरताना हाडं खिळखिळी झाली, पण पनवेल पाहून जीव हरखला. शिमग्याचा रंग अजून रस्त्यावर आहे. उतरल्या उतरल्या कुणीतरी उरलासुरला गुलाल माझ्या टोपीवर उधळला. हे स्वागतच समजतो. गेल्या दोन वर्षांत माझं कुणी इतपतही स्वागत केलेलं नाही.

कोठी पाहिली. बंदराच्या अंगाला, खाडीच्या काठावर. काळ्या दगडाच्या दोन-दोन हात जाड भिंती, आणि सागवानी तुळया अशा की वाळवीनंही हात जोडावेत. एके काळी मिठाच्या कुणा मक्तेदाराची ही वखार होती. आता मुंबईचे कारखानीस साहेब तिचं हॉटेल करणार आहेत. साधंसुधं नव्हे, पंखे, गालिचे, कारंजं आणि काटा-चमचा असलेलं. मुंबईहून पुण्याला जाणारे मोटारवाले इथे उतरतील म्हणे. नाव ठेवलंय ‘क्रीक पॅलेस’. सध्या पॅलेसात वटवाघळं उतरली आहेत आणि क्रीकमध्ये गुडघाभर चिखल आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तो वाळा पंधरा मेपर्यंत सोन्याचा करून दाखवायचा, एवढंच माझं काम.

काम वेळेत झालं तर मॅनेजरची जागा माझी, शिवाय मागच्या अंगाला राहायला दोन खोल्या. म्हणजे सुमती आणि वेणू माझ्याजवळ येतील. दोन वर्षं त्या दोघी मेहुण्याच्या घरी आहेत. वेणू सात वर्षांची झाली. मामीनं हाक मारली की ती दचकते, असं सुमतीनं लिहिलं होतं. ते पत्र मी पाकिटात ठेवलंय, म्हणजे कंटाळा आला की वाचता येतं.

पुण्याला एका पुलाच्या कामात सिमेंट कमी आणि वाळू जास्त आहे, असं मी लिहून दिलं होतं. पूल अजून तिथेच आहे. मी मात्र इथे आहे. खरं बोलायची हौस त्या दिवशी फिटली.

शुक्रवार, १८ मार्च

सगळी इमारत तपासली. छप्पर धड, पाया धड, दुखणं एकच: भिंतींना लोणा लागलाय. शंभर वर्षं आत मीठ साठवलं, ते दगडात मुरलं. वरून कितीही गिलावा करा, आतून पांढरी भुकटी फुटते आणि गिलावा पोपडे होऊन गळतो. यावर औषध चुनाच, सिमेंट नाही. साहेबांना सिमेंट हवं होतं. यावेळी मात्र नम्रपणे, दात दाखवत, त्यांचीच कल्पना असल्यासारखं पटवून दिलं. शिकतोय मी.

मजूर चाळीसेक. निम्मे आसपासच्या पाड्यांवरचे आगरी, निम्मे कर्नाळ्याच्या पायथ्याचे कातकरी. मुकादम काशीराम सत्तरीचा आहे. त्याचा बाप आणि आजा दोघेही इथल्याच मिठागरावर राबले. कातकऱ्यांत बाळ्या आणि त्याची बायको बुधी ही जोडी कामाला वाघ आहे. बुधीच्या कपाळावर तीन टिंबांचं गोंदण आहे. घमेली वाहताना ती सारखी गाते आणि मी जवळ गेलो की गप्प होते.

एक गंमत लिहायची राहिली. कोठीत सगळ्यात आतली खोली आहे, तिला एकच दार आणि वर एक झरोका. तिच्या उंबऱ्याशी एक जुना रांजण पुरलाय. काम सुटताना जो शेवटी निघेल त्यानं वडाळे तळ्यावरून गोडं पाणी आणून तो काठोकाठ भरायचा, अशी यांची रीत. सकाळी रांजण रिकामा. का, म्हणून विचारलं तर काशीराम म्हणाला, “इचारू नका सायेब. भरला की काम होतंय, नाय भरला की नाय होत.” तळाला तडा असणार. पण मजूर खूश तर मुकादम खूश, मुकादम खूश तर मी खूश. भरा बापडे.

बुधवार, ३० मार्च

काम झकास चाललंय. अंगणात चुन्याची घाणी मांडली. बैल दिवसभर गोल गोल फिरतो, मी त्याच्याकडे पाहून स्वतःचं सांत्वन करतो. चुन्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा घालून लोण्यासारखा घोटलाय. हाताला लावला तर सोडवत नाही. खूप दिवसांनी स्वतःच्या कामाचा अभिमान वाटला, हे लिहून ठेवतो.

आतली खोली साहेबांना फार आवडली. बाहेर उन्हानं डोकं फुटत असताना तिथे गारवा असतो. ती ‘नंबर एक’ होणार, सगळ्यात महाग.

रांजणाचा मात्र उलगडा झाला नाही. कुतूहल म्हणून तो उकरून काढला. तडा कुठेच नाही. पुन्हा बसवताना खाली बोटभर जाडीची कोरडी राख पसरली. सकाळी रांजण रिकामा आणि राख तशीच कोरडी, फुंकली तर उडेल अशी. उष्म्यानं पाणी उडत असेल. एका रात्रीत चार घागरी? असो. मी गिलाव्याचा माणूस आहे, हवामानखात्याचा नव्हे.

सुमतीला पत्र टाकलं: दहा मेला या. वेणूला सांग, इथे खाडीत खेकडे आहेत आणि मामी नाही.

गुरुवार, १४ एप्रिल

विहिरी खाली गेल्या. तळ्याचं पाणी पिंपांतून बैलगाडीनं येतं. साहेब आज मुंबईहून हिरवळीचे गालिचे घेऊन आले. कापून, गुंडाळून, सतरंजीसारखे. हिरवळ वाळता कामा नये, कारंज्याची चाचणी व्हायला हवी, सबब मजुरांना पिंपाला हात लावू देऊ नये, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मग मजुरांनी काय प्यायचं, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांनीच विचारलं, मॅनेजरच्या खोल्यांना रंग कोणता देऊ या? मी म्हणालो, पिवळा.

मजुरांना मागच्या मचूळ विहिरीवर पाठवलं. बुधीनं जाताना माझ्याकडे एकदा पाहिलं. बोलली असती तर बरं झालं असतं, मला रागावता आलं असतं.

शनिवार, १६ एप्रिल

साहेबांना रांजणाबद्दल कळलं. रोज चार घागरी गोडं पाणी भुताखेतांना? बंद म्हणजे बंद! इकडे मजूर म्हणतात, रांजण भरला नाही तर उद्यापासून आत पाऊल टाकणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

विहिरीवरूनच सुचलं. काम सुटल्यावर मीच मागे थांबलो आणि भरतीचं पाणी आलं होतं तिथून, कोठीमागच्या पायरीवरून, चार घागरी भरल्या. खाडीचं खारं पाणी. रांजण काठोकाठ! पाणी दिसायला पाणीच. साहेबांचा हुकूम पाळला, मजुरांची समजूत राहिली. एका दगडात दोन पक्षी. ओव्हरसियर टिपणीस, तुमची बढती कोण रोखणार?

रविवार, १७ एप्रिल

रांजण सकाळी भरलेलाच. थेंबभरही कमी नाही.

मजूर यायच्या आत ओतून टाकला आणि रिकामा झाल्याचं दाखवलं. पाणी उन्हानं उडतं, तर खारं का उडालं नाही? यावर मी फार विचार करणार नाही.

मंगळवार, १९ एप्रिल

रोज तेच. मी भरतो, सकाळी मीच ओततो.

आज नंबर एकमधला गिलावा गळाला. पंधरा दिवस मुरलेला, घोटून आरसा केलेला चुना. तो पोपडे होऊन नाही, सबंध पडदा पडावा तसा खाली आला. आत लोणा कापसासारखा फुलला होता. त्या पांढऱ्यात, बाईमाणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर, ओळीनं काळे गुळगुळीत ठिपके आहेत, बशीएवढे. गाईनं मिठाचा खडा चाटून चाटून गुळगुळीत करावा तसे. मोजले. अकरा.

काशीराम ठिपके पाहायला आला. मी म्हणालो, ओल आहे. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं.

शनिवार, २३ एप्रिल

बुधी डोक्यावरच्या घमेल्यासकट पायाडावर खाली बसली आणि उठेना. ओठांवर पांढरी खरपुडी. पाणी मागत होती. मी साहेबांची आज्ञा मोडून पिंपातलं गोडं पाणी दिलं, तांब्यामागून तांब्या. प्रत्येक घोट थुंकून ती म्हणत होती, “खारं हाय. गोडं द्या ना. खारं हाय.” मी तेच पाणी चाखलं. गोडं होतं.

बाळ्यानं तिला पाठीवर घेतलं आणि वाडीकडे नेलं.

रविवार, २४ एप्रिल

बुधी पहाटे गेली.

साहेबांनी कळवलं, उष्माघात लिहा. मी उष्माघात लिहिलं. अक्षर छान आलं.

मंगळवार, २६ एप्रिल

काशीरामनं आज मला रांजणाशी गाठलं. बोट बुडवून जिभेला लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. “सायेब, यो रांजण कोनी भरला?” खोटं बोलायला तोंड उघडलं, पण माझीच नजर घागरीकडे गेली.

मग त्यानं सांगितलं. त्याच्या आज्याच्या वेळची गोष्ट. खाडीकाठच्या मातीवर आपोआप मीठ धरतं, ते खरवडून नेणाऱ्या अकरा बाया मक्तेदाराच्या जमादारानं धरल्या आणि आतल्या खोलीत कोंडल्या. उद्या बघू म्हणून कुलूप लावलं आणि स्वारी शिमग्याला गावी गेली. तो निघाला तेव्हा त्या पाणी मागत होत्या. जमादारानं झरोक्यातून घागर सोडली, खाडीच्या पाण्याची. “मीठ पायजे ना तुमाला? मंग प्या.” तो चौथ्या दिवशी परतला. घागर रिकामी होती. त्या घागरीतलं सगळं त्या प्यायल्या होत्या.

तेव्हापासून रांजण. काशीरामच्या घरानं तो एक दिवस चुकवला नव्हता, पडक्या कोठीतही. “नाय दिलं असतं तरी चाललं असतं सायेब, त्या वाट बगत बसल्या असत्या. तुमी खारं दिलाव.”

उपाय विचारला—थट्टेनं, असं मला वाटलं. तो म्हणाला, ज्या हातानं खारं पाजलं त्याच हातानं गोडं पाजायचं. आत बसून, एकेकीला, ओंजळीत. सगळ्या पिऊन होईपर्यंत स्वतः घोट घ्यायचा नाही. मी म्हणालो, मी शिकलेला माणूस आहे. तो म्हणाला, “ते दिसतंय.” आणि पागोटं झटकून चालू लागला. त्याच्यामागे सगळे गेले.

रविवार, १ मे

नवं राज्य आलं. गावात पताका आणि पेढे. साहेबांनी मुंबईहून दुसरे मजूर आणले. त्यांना रीत नाही, भीती नाही. रांजणात साहेबांनी शोभेचं क्रोटन लावायला सांगितलं. लावलं.

सकाळी क्रोटनची पानं पांढरी. बोटांनी चुरली तर मीठ.

शनिवार, ७ मे

सुमतीला पत्र लिहून ठेवलंय: येऊ नका. चार दिवस ते खिशात आहे. साहेब म्हणाले, मॅनेजर कुटुंबवत्सल हवा, पाहुण्यांवर छाप पडते. मंडळी कधी येतात? दहाला, मी म्हणालो.

टपालपेटीसमोरून तीनदा गेलो. आता टाकूनही पोचणार नाही. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच टाकलं नाही काय? तसं असेल तर—

नाही. वेणू मामीच्या हाकेला दचकते. इथे निदान मी आहे.

मंगळवार, १० मे

आल्या! वेणू एवढी उंच झालीय. हिरवा फ्रॉक. एस.टी.च्या खिळ्याला अडकून बाही फाटली, सुमतीनं गाडीतच पांढऱ्या दोऱ्यानं शिवली. वेणूच्या मनाला ते पांढरे टाके फार लागले, सारखी हातानं झाकत होती. मला बिलगली आणि म्हणाली, बाबा, तुमच्या अंगाला खारा वास येतो.

आमच्या दोन खोल्यांचा रंग ओला आहे. साहेब स्वतः म्हणाले, तोवर नंबर एकमध्ये राहा, राजासारखे. नको म्हणायचं होतं. सुमतीनं इतक्या वर्षांनी गालिच्यावर पाय ठेवला आणि मागे वळून हसली. मी नको म्हणालो नाही.

गुरुवार, १२ मे

वेणू पाणी मागते. सारखं. सुमती म्हणते, हवा नवी आहे, बाधली असेल.

आज तिनं तांब्या ढकलला. म्हणाली, हे खारं आहे.

शुक्रवार, १३ मे

ओठांवर पांढरं.

सुमतीला सांगितलं, सगळं. ती ऐकत राहिली. मग एवढंच विचारलं, पत्र लिहिलं होतंत ना? कुठे आहे? मी खिशातून काढून दिलं. तिनं वाचलं, घडी घातली, परत माझ्याच खिशात ठेवलं.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे सुकं मी होतो. मला काही झालेलं नाही.

शनिवार, १४ मे, दुपार

सुमती वेणूला टांग्यातून दवाखान्यात घेऊन गेली. मला बरोबर येऊ दिलं नाही. उद्या उद्घाटन. साहेब अंगणात कारंज्याची चाचणी घेताहेत, मजुरांच्या टाळ्या ऐकू येतात.

तळ्यावरून दोन घागरी मी स्वतः खांद्यावर आणल्या. एक लोटा वेगळा, वेणूसाठी, झाकून. हे झालं की धावत दवाखान्यात. माझ्या हातचं पाणी तिला गोडं लागेल. लागायलाच हवं.

नंबर एकमध्ये बसलोय. दार लावलंय. झरोक्यातून ऊन येतं तेवढ्या उजेडात लिहितो. लिहिलं की मन ताळ्यावर राहतं.

अर्धा तास. काही नाही. तहान लागलीय मला. भयंकर.

भिंत ओली झाली—

ओंजळ. भिंतीतून नुसती ओंजळ, मग मनगट. पांढरी खरपुडी. ओतलं. प्याली. कसा आवाज तो. जनावराचा नव्हे, बाईचाच, लहान मूल पिऊन झाल्यावर सुस्कारा सोडतं तसा.

दुसरी. तिसरी.

सहा झाल्या. सातवी म्हातारी असावी, ओंजळ गळते. तिला पुन्हा दिलं.

रागावत नाहीत. मला वाटलं होतं, रागावतील. नुसत्या पितात आणि जातात. याचंच रडू येतं.

दहा. अकरा.

झालं! अकरा झाल्या. देवा—

नाही. आणखी एक. बारावी कुठून? कपाळावर तीन टिंबं. बुधी. घागरीच्या तळाशी होतं ते सगळं तिच्या ओंजळीत. माफ कर म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. प्याली आणि गेली.

भिंत कोरडी. आता झाल्या सगळ्या. घसा जळतो, जीभ हलत नाही. धावत जायचंय तर एक घोट हवाच. लोट्यातला एकच घोट. वेणूला उरेल.

गोडं आहे! इतकं गोडं पाणी मी कधी—

दुसरा घोट घेतला. मग सगळाच. हरकत नाही, तळं काही आटलेलं नाही, वाटेत भरून घेईन. उठतो—

अंगणात सुमतीचा आवाज. टांगा इतक्यात परत कसा? ती ओरडते आहे, शब्द कळत नाहीत—

कुणीतरी आत आहे. भिंतीकडून नव्हे. दाराकडून. दार तर लावलेलं—

ओंजळ लहान आहे. फार लहान. हिरवी बाही, तिच्यावर पांढरे टाके, ते झाकायला हात मोकळा नाही म्हणून ती नुसतीच—

लोटा उपडा केला. हलवला. एक थेंब, निदान एक थें—